पंच आपलाच पायजे

मागच्या रविवारी मी आमच्याच गावच्या कॅप्टनला रनआउट दिलं. तेव्हापासून चहाच्या टपरीवर माझ्या बाकावरची अर्धी जागा रिकामी असते. बहिष्कार वगैरे काही नाही बरं. लोक 'या भाऊ' म्हणतात, तंबाखूची पुडीही पुढं करतात, पण टेकायला दुसऱ्या बाकावर जातात.

लांबण लागणार आहे, आधीच सांगतो. आठवडाभर विजेची लाईन रात्रीचीच आहे, गव्हाला पाणी चालू आहे, बारा वाजल्यापासून वावरात बसून दुसरं करायचं तरी काय? थंडीनं बोटं वाकत नाहीत, त्यामुळं टायपिंगच्या चुका पदरात घ्या.

आमच्याकडे दरवर्षी तूर सोंगून झाली की टेनिस बॉलचे सामने होतात. सोयाबीननंतर ज्यानं काही पेरलं नाही त्याचं वावर मागायचं, ट्रॅक्टरनं रोलर फिरवायचा, चुन्याची बाउंड्री मारायची, एका कडूनिंबाला भोंगा बांधायचा. पहिलं बक्षीस 31,000, दुसरं 21,000 आणि तिसरं बोकड. खरं सांगू का, अर्ध्या टीम बोकडासाठीच येतात. 31,000 अकरा जणांत वाटले, त्यातून एंट्री फी आणि गाडीचं पेट्रोल वजा केलं की हातात काय राहते? बोकड मात्र ज्याच्या त्याच्या ताटात बरोबर उतरतो. त्यामुळं सेमीफायनल हरल्याचं फार दुःख करताना मी तरी कोणाला पाहिलं नाही.

यंदा मात्र झालं. सेमीफायनल आमच्या गावची आणि नदीपलीकडच्या गावची. आठ ओव्हरचा सामना, शेवटचे 4 बॉल, 9 रन. मी लेग अंपायर. पंच म्हणून मला दरवर्षी उभं करतात, कारण कधीकाळी मी बॉलिंग टाकायचो आणि आता पोट सुटल्यामुळं मला कोणी टीममध्ये घेत नाही. कॅप्टननं लाँगऑनला मारला, एक पळाला, दुसऱ्याला वळला. थ्रो सरळ कीपरच्या हातात. क्रीजचा चुना दिवसभरात पायांनी पुसून गेला होता, चार बोटं पांढरं उरलं होतं, आणि माझी नजर त्या चार बोटांवरच होती. स्टंप वाजला तेव्हा त्याची बॅट त्या चार बोटांच्या आत होती, पण जमिनीपासून वीतभर वर. टेकलीच नव्हती. 2017 पासून असा नियम आहे की पळताना बॅट एकदा आत टेकवली आणि मग उडाली तर नाबाद. इथं पहिलं टेकणंच झालं नव्हतं. मी बोट वर केलं.

भोंग्यावर जो पोट्टा बोलत होता त्याचा श्वासच अडकला. "आणि... आपलेच पंच... आपल्याच कॅप्टनले..." एवढं म्हणून तो थांबला आणि एका कृषी केंद्राची जाहिरात वाचायला लागला.

"काका, बॅट अंदर होती."

"अंदर होती, पन वर होती."

"वर म्हंजे? अंदर तं होती न!"

यावर काय बोलणार? आम्ही हरलो. तिसऱ्या नंबरचा सामना मात्र आमच्या पोट्ट्यांनी जिंकला, म्हणजे बोकडही मिळाला. पण तो माझ्या घरी काही आला नाही, एवढंच.

खरी गंमत पुढं आहे. कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं. 11 सेकंदांचा व्हिडिओ, संध्याकाळपर्यंत तीन गावांच्या ग्रुपवर फिरला. मला वाटलं सुटलो, आता लोक स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. पाहिलं ना! आमच्या ग्रुपवर लोकांनी तो थांबवून, मोठा करून, बॅटभोवती लाल गोल काढून टाकला : 'पहा, स्पष्ट नाबाद.' नदीपलीकडच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ, तोच फोटो, गोल हिरवा : 'पहा, स्पष्ट बाद.' लोक खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. आमच्या गावातला एक म्हातारा, ज्याला क्रिकेटमधलं ओ का ठो कळत नाही आणि कोणाशी देणंघेणं नाही, तोही शपथेवर सांगत होता की बॅट टेकलेली दिसते. त्याला दिसतच होती.

माझा चुलतभाऊ अमरावतीला कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. त्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. म्हणे अमेरिकेत 1951 साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांचा त्यांच्या पद्धतीचा फुटबॉलचा सामना झाला. फार धसमुसळा, हाडं मोडेपर्यंत. नंतर दोन अभ्यासकांनी त्या सामन्याची एकच फिल्म दोन्हीकडच्या पोरांना दाखवली आणि सांगितलं, कोणी किती फाउल केले ते मोजा. डार्टमथच्या पोरांना आपल्या टीमचे जेवढे फाउल दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले. शिकलेली पोरं, समोर फिल्म, हातात कागद-पेन्सिल. हे 1954 साली छापूनही आलं. "भाऊ, तुया गावाले लय उशीर झाला," म्हणे.

तेव्हापासून मला जिकडं तिकडं हेच दिसायला लागलं आहे.

आमचा धुराच घ्या, म्हणजे शेताचा बांध. शेजाऱ्याशी आमचं भांडण माझ्या वडिलांच्या काळापासूनचं. जागा किती? दोन तासांची, म्हणजे पिकाच्या दोन ओळींची. त्यात कपाशीची दोन तासं लावली तर वर्षाचा जो काही कापूस होईल त्याच्या कितीतरी पट पैसे दोन्ही घरांनी तालुक्याच्या चकरांत घातले. शेवटी मोजणी आणली. मोजणीवाला आला, दिवसभर उन्हात मशीन लावून उभा राहिला, खुणा करून गेला. खुणा एका ठिकाणी आमच्या बाजूनं आल्या, एका ठिकाणी त्यांच्या. शेजारी म्हणाला, मोजणीवाल्यानं आमच्याकडं जेवण केलं म्हणून तसं झालं. माझे वडील म्हणाले, त्यानं चहा त्यांच्याकडं घेतला. जेवण आमच्याकडं झालं होतं हे खरं. बिचारा दुपारी दोन वाजता उपाशी कुठं जाईल? आता मी वडिलांच्या वयाकडं सरकतो आहे आणि अजूनही त्या धुऱ्यावरून जाताना माझी नजर आपोआप आमच्या बाजूचा दगड सरकला का ते पाहते. त्यांच्या बाजूचा सरकला का, हे पाहायचं मला आजपर्यंत एकदाही सुचलेलं नाही. हे परवा लक्षात आलं.

कोणी म्हणेल, माणूस आहे तिथं असं होणारच, मशीन लावा. मशीनचंही सांगतो. सोयाबीनला हमीभावाच्या केंद्रावर 12 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. 2024 च्या हंगामात ओरड झाल्यावर केंद्र सरकारनं 15 टक्क्यांपर्यंतची सूट दिली होती. मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले की आकडा येतो, त्यात कोणाची ना जात ना पार्टी. पण माझा आकडा 13 आला की मशीन खराब असते, आणि पुढच्याचा 13 आला की त्यानं माल वाळवला नाही. रांगेत उभं राहून हे मी स्वतः बोललो आहे. दोन्ही वाक्यं, एकाच सकाळी.

शंकरपटाचंही, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचंही, तेच. 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून परत सुरू झाल्या आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम केला. एवढ्या वर्षांनी पट भरायला लागले तेव्हा तळेगाव दशासरला आम्ही गाडी करून गेलो होतो. आमच्या भागात बहुतेक घड्याळावर पळवतात. जोडी सुटली की घड्याळ सुरू, शेवटची रेषा ओलांडली की बंद. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत हिशेब. म्हटलं, इथं तरी वाद नसेल. वाद घड्याळावर नव्हता, झेंडीवर होता. झेंडी आधी पडली की बैल आधी सुटले! ज्याची जोडी हरली तो झेंडीवाल्याच्या सात पिढ्या काढत होता, आणि बैल मात्र बाजूला उभे राहून शांतपणे रवंथ करत होते. त्यांना निकालाशी काही देणंघेणं दिसलं नाही.

मोठ्या खेळात तरी वेगळं काय आहे? पूर्वी कसोटी सामन्यात पंच यजमान देशाचेच असायचे आणि हरलेला पाहुणा घरी जाऊन त्यांच्याच नावानं बोटं मोडायचा. पाकिस्तानात तर फारच बोललं जायचं. इम्रान खाननं त्यावर काय केलं, तर 1986 साली वेस्ट इंडिजविरुद्धच्या लाहोर कसोटीला पंच बोलावले ते भारतातून! व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर. भारत-पाकिस्तानचं नातं आपल्याला माहीत आहे. पण त्याला जिंकल्यावर 'पंचांमुळं जिंकला' हे ऐकायचं नव्हतं. हे मला फार आवडतं. हरल्यावर पंच बदला म्हणणारे गावोगाव आहेत, जिंकण्यासाठी परका पंच मागणारा विरळा. नंतर तटस्थ पंच हा रिवाजच झाला.

आणि आपण? डीआरएसची, म्हणजे पंचाचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासून घ्यायच्या सोयीची, पहिली चाचणी 2008 ला श्रीलंकेत झाली, समोर आपणच होतो, आणि आपले रिव्ह्यू जवळपास सगळे वाया गेले. मग आपण म्हणालो, हे यंत्रच भरवशाचं नाही. दोन देशांच्या मालिकेत पूर्ण डीआरएसला आपण हो म्हटलं ते थेट 2016 ला, इंग्लंड इथं आलं तेव्हा. माझ्या सोयाबीनच्या 13 टक्क्यांपेक्षा हे काही वेगळं नाही, फक्त माणसं सुटाबुटातली होती.

विदर्भानं 2025 ला तिसऱ्यांदा रणजी जिंकली तेव्हाचं आठवा. नागपूरच्या जामठ्याला केरळविरुद्धची फायनल अनिर्णित राहिली. आपले पहिल्या डावात 379, त्यांचे 342, त्या 37 च्या आघाडीवर चषक आपला. टपरीवर पेढे वाटले गेले. कोणीही विचारलं नाही की बाप्पा, ड्रॉ झालेला सामना जिंकलो कसा? हेच 37 त्यांचे जास्त असते तर 'हा कोणता नियम काढला बे' म्हणून आठ दिवस चाललं असतं. मी पेढे दोन खाल्ले. एक जास्तीचा.

आता जे सांगायचं टाळतो आहे तिकडं येतो.

माझी मुलगी शाळेच्या टीममधून कबड्डी खेळते. कबड्डी म्हटली की इकडं सगळ्यांची छाती फुगते, कारण 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ तिथं दाखवून आला तो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू. जुने लोक सांगतात की तेव्हा हात लागला की खेळाडू स्वतःहून बाहेर जायचा, पंचानं सांगायची गरजच नसायची. मला त्याबद्दल जरा शंका आहे. जुन्या लोकांच्या आठवणीत त्यांची टीमसुद्धा कधी हरलेली नसते. बाकी कबड्डीत वाद किती टोकाला जातो ते 2023 च्या हांगझो एशियाडमध्ये सगळ्या जगानं पाहिलं. भारत-इराण फायनल, 28-28, शेवटचं मिनिट, आपला पवन सेहरावत चढाईवर लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात गेला, त्याच्यामागं इराणचे खेळाडू, आणि नियम जुना लावायचा की नवा यावर पंचांचंच एकमत होईना. निर्णय फिरला, परत फिरला, खेळाडू मॅटवर बसून राहिले, बराच वेळ खेळ बंद. शेवटी आपण 33-29 नं जिंकलो. घरी टीव्हीसमोर मी 'आपलाच नियम बरोबर' म्हणत होतो. तो नियम काय आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तर सप्टेंबरात तालुक्याचा शालेय सामना होता. मुलींचा, सतरा वर्षांखालच्यांचा. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळं कडेला पालकांची गर्दी असते आणि आवाज पोरींपेक्षा आमचाच जास्त असतो. सामना बरोबरीत. समोरच्या टीमची एक सडपातळ पोरगी चढाईला आली, माझ्या मुलीच्या अंगावरून हात काढून मध्यरेषेकडं पळाली आणि तिनं टच मागितला. पंचानं दिला. माझी मुलगी बाहेर.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. दोरी ओलांडून आत गेलो. पंच पंचविशीतला पोट्टा, बहुतेक कुठंतरी तासिका तत्त्वावर असेल, शिट्टी गळ्यात. त्याला म्हणालो, "किती घेतले बे?" चारचौघांत. त्याच्या हातातला पेन थरथरत होता. तो काही बोलला नाही. दोन-तीन पालक माझ्या बाजूनं आले, समोरचे त्यांच्या बाजूनं. सामना थांबला, मग सुरू झाला, आम्ही दोन गुणांनी हरलो.

घरी येताना गाडीवर ती माझ्या मागं बसली होती. चौदा किलोमीटर. अर्ध्या वाटेपर्यंत मीच बोलत होतो, सिस्टिम कशी सडली आहे वगैरे. नाल्याच्या पुलावर रस्ता खराब आहे म्हणून गाडी हळू केली, तेव्हा ती मागून म्हणाली,

"बाबा, तिचा हात लागला होता मले."

"कुठं?"

"खांद्याले. थोडासाच."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी येवढे वरडून रायले होते. मी कशी सांगू?"

पुढचे सात किलोमीटर मी गाडी चालवली.

त्या पंचाला गाठून माफी मागावी असं मनात होतं. मागितली नाही. आधी कापूस वेचणीला आला, मग बायकोच्या माहेरी लग्न निघालं, मग राहून गेलं. खरं कारण हे की चारचौघांत बोललो होतो, तर माफीही चारचौघांत मागावी लागली असती.

मागच्या रविवारी बोट वर करताना हे सगळं डोक्यात होतं का? असेलही. चार बोटं चुना पाहताना माणसाला फार काही आठवत नाही. पण सप्टेंबर झाला नसता तर ती बॅट मला टेकलेली दिसली असती, अशी मला दाट शंका आहे. मुद्दाम नाही, खरोखर दिसली असती.

सोमवारी संध्याकाळी त्याच वावरात गेलो होतो, भोंग्याची वायर काढायला. तिथं गावातली बारकी पोट्टी खेळत होती, आठ-नऊ जण. पंच नव्हता. त्यांच्याकडं कधीच नसतो. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, तुरीच्या गंजीला लागला तर दोन, गंजीवर चढला तर आउट, कुत्र्यानं बॉल नेला तर डेड. एकाचा कॅच झाला. तो म्हणे जमिनीला लागून घेतला, पकडणारा म्हणे डायरेक्ट. "आईची शप्पथ?" "आईची शप्पथ." दोघांनीही घेतली. म्हणजे एका आईचं काहीतरी होणार होतं. मग सगळ्यांनी पाच मिनिटं आरडाओरडा केला, एकानं दुसऱ्याचा शर्ट ओढला, आणि शेवटी एक नाकातला शेंबूड पुसत म्हणाला, "जाऊ दे बे, रिबॉल टाक, अंधार पडून रायला." टाकला रिबॉल. त्याच बॉलवर तो बोल्ड झाला आणि मुकाट्यानं बॅट दुसऱ्याला देऊन फिल्डिंगला गेला.

ही पोरं देवाघरची फुलं वगैरे मी म्हणणार नाही. त्यातला एक माझ्या बोरीची बोरं चोरतो आणि विचारलं तर खोटं बोलतो. पण दोघं रुसून घरी गेले तर सातच उरतात आणि खेळ संपतो, हे त्यांना आमच्यापेक्षा नीट कळतं. आमच्याकडं 31,000 असतात, बोकड असतो, गावाचं नाव असतं. समोरचा उठून गेला तरी आमचं काही अडत नाही, उलट बरंच वाटतं. धुऱ्यावरच्या शेजाऱ्याशी मी किती वर्षांत बोललो नाही ते मोजलं तर बारा निघाली. त्याची मोटर जळली तेव्हा आमच्या विहिरीवरून पाणी देता आलं असतं. त्यानं मागितलं नाही, मी विचारलं नाही.

परवा टपरीवर कॅप्टन भेटला. सरळ येऊन माझ्याच बाकावर बसला. मला वाटलं आता निघतं काहीतरी. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "काका, बॅट टेकली नव्हती, मले माहीत हाय. पन तुमी आपले होते न." मी म्हटलं, "हाव." दुसरं काय म्हणणार? त्याच्या म्हणण्यात वाईट काही नव्हतं. उलट जरा प्रेमच होतं.

शिवजयंतीला शेजारच्या गावात कबड्डीचे सामने आहेत, यंदा मुलींचाही गट ठेवला आहे. काल जेवताना मुलीला विचारलं, येऊ का पाहायला? तिनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता जरा विचार केला.

"या. पन तिकडच्या पोरीइच्या बाजूनं बसा."

तिची आई हसली. मी हो म्हटलं आहे.

चला, पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं आहे.